नकाशावरची रेघ

आम्ही मास्तर लोक सीमा शिकवायचो ती नकाशावर पट्टी फिरवून. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात मात्र १९८७ साली 'बॉर्डरलिंक्स' ही संस्था निघाली आणि चर्चची मंडळी, ख्रिस्ती महाविद्यालयांतली मुलं थेट मेक्सिकोची सीमा पाहायला जाऊ लागली.

याचं मूळ आधीचं. एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीतून जीव वाचवून आलेल्यांना सरकार आश्रय देईना. तेव्हा टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने २४ मार्च १९८२ रोजी त्यांना दार उघडलं, तेही सरकारला आधी पत्राने कळवून! पाद्री जॉन फाइफ यांना १९८६ साली कोर्टाने दोषी ठरवलं.

नोगालेस हे एकाच नावाचं गाव दोन्ही देशांत आहे. १९९०च्या दशकात मधोमध लोखंडी कुंपण आलं. पत्रे व्हिएतनाम युद्धाच्या वेळच्या तात्पुरत्या धावपट्ट्यांचे. गावातली वाट बंद झाली, पण माणसं थांबली नाहीत. ती वाळवंटातून चालू लागली आणि उन्हातान्हात मरू लागली. हे पट्टी फिरवून कसं कळणार?

'ह्युमेन बॉर्डर्स'ने २००१ सालापासून त्या वाटांवर पाण्याची पिंपं ठेवायला सुरुवात केली. लांबून दिसावं म्हणून प्रत्येक पिंपाशी उंच काठीला निळा झेंडा.