नाबोथाचा मळा आणि भीमेचे पाणी

जेऊर म्हटले की आमच्या नगरकडील वाचकांना नगर तालुक्यातील जेऊर आठवेल. आम्ही येथे लिहीत आहोत ते सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातील, पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊरविषयी. करमाळ्याला रेल्वे नाही, म्हणून तिकडचा प्रवासी जेऊरला उतरतो. गावाबाहेर पडले की ऊस आणि केळीच्या बागा दिसू लागतात. पर्जन्यछायेच्या या टापूत हिरवाई आली ती उजनीच्या जलाशयामुळे. आणि त्या जलाशयाच्या तळाशी भीमाकाठची जुनी गावे आहेत. भूमी, पाणी आणि विकास यांचा संबंध समजून घेण्यास फार दूर जायला नको. या काठाचा दोनशे वर्षांचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

जेऊरच्या बाजूने भीमा ओलांडली की पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका लागतो. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारने दख्खनच्या जमिनीची मोजणी आरंभली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने विलायतेतील अर्थशास्त्राचा आधार घेऊन शेताच्या निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा ठरवला. कागदावर हिशेब चोख होता. पण पावसाचा लहरीपणा त्यात नव्हता आणि मोजणीतही चुका होत्या. सारा देणे अशक्य होऊन कुळांनी शेते टाकली. पुढे गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पाहणी केली आणि 1836 मध्ये इंदापुरापासून, दर कमी करून, तीस वर्षांची मुदतबंद आकारणी लागू झाली. मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीची पद्धत या काठावर घडली. शेतकऱ्याला थोडा श्वास मिळाला. मात्र त्याच्या नावे लागलेली जमीन आता विकता, गहाण ठेवता येऊ लागली, आणि सावकाराची नजर तिच्यावर गेली.

त्यानंतर आगगाडी आली. 1859 मध्ये पुण्याकडून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आणि 1860 मध्ये सोलापूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तसा तो युद्ध संपताच गेलाही. दरम्यान तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढला. 1875 मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. पाठोपाठ 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ पडला, त्यात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. रेल्वेने धान्य आणले हे खरे. पण ज्याच्या गाठी पैसा नव्हता त्याला ते विकत घेता आले नाही. साधन गावात आले म्हणजे गाव सधन होतेच असे नाही, हा धडा जेऊरच्या परिसराने दीडशे वर्षांपूर्वीच गिरवला.

स्वातंत्र्यानंतर दुष्काळावरचा उपाय म्हणून धरणे आली. माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा सुमारे 117 अब्ज घनफूट. त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे 63 अब्ज घनफूट, कालव्यात न येणारा मृत साठा. करमाळा, इंदापूर आणि शेजारच्या तालुक्यांतील नदीकाठची काळी, कसदार जमीन पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन देवालय बुडाले. 1976 मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. ज्यांना पाणी मिळणार त्यांच्या जमिनीतून काही भाग, पाण्यासाठी जमीन गमावणाऱ्यास मिळावा, हे त्यामागचे तत्त्व आम्हांस न्याय्य वाटते. परंतु तत्त्व आणि सातबारा यांत पुष्कळ अंतर असते. पैशाच्या रूपाने मिळालेला मोबदला लग्नकार्यात, आजारपणात आणि घर उभे करण्यात सरला. जमीन मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोसत आली होती.

भिगवण–जेऊर टापूतील लोहमार्गही बुडिताच्या वाटेत आला. तो उचलून नव्या जागी टाकण्यात आला, कारण रेल्वे थांबून चालणार नव्हते. माणसांच्या वाटांचे तसे झाले नाही. जी गावे पूर्वी नदी उतरून एकमेकांकडे जात, त्यांच्यामध्ये आता अफाट पाणी आले. रस्त्याने मोठा वळसा, नाहीतर होडी. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बुडून मृत्यू झाला. त्यांत लहान मुलेही होती. धरण पूर्ण होऊन तेव्हा 44 वर्षे झाली होती.

सर्व काळोखच आहे असे आम्ही म्हणत नाही. उजनीने सोलापूर जिल्ह्याला ऊस दिला, साखर कारखाने दिले, सोलापूर शहराला पिण्याचे पाणी दिले. विस्थापितांपैकी ज्यांची थोडी जमीन काठावर उरली त्यांनी विजेचे पंप बसवून पाणी उचलले आणि करमाळ्याची केळी परदेशी धाडली. हा त्यांच्या कष्टाचा विजय आहे. पण 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळपास गेला, तेव्हा त्याच शेतकऱ्याला ओसरत्या पाण्यामागे पाइप वाढवत जावे लागले. ज्याच्या दारात धरणाचे पाणी, त्याचेच पीक वाळण्याच्या बेतात!

विकसनशील जगात हे इतरत्रही घडले. आफ्रिकेत घाना देशाने 1965 मध्ये व्होल्टा नदीवर अकोसोंबो धरण पूर्ण केले. सुमारे 80,000 लोकांची घरे गेली, आणि विजेचा मोठा वाटा अॅल्युमिनियमच्या कारखान्याकडे वळला. देणारा एक, घेणारा दुसरा.

जुन्या करारातील नाबोथाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आहाब राजाने त्याचा द्राक्षमळा फुकट मागितला नव्हता. त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. पुढे खोटी साक्ष, त्याची हत्या आणि एलिया संदेष्ट्याचा धिक्कार हे सर्वांस ठाऊक आहे. लोककल्याणासाठी धरण बांधणाऱ्या सरकारला आहाबाच्या पंक्तीस बसवणे अन्यायाचे होईल. तरीही वतनाची किंमत पैशात पुरती होत नाही, हे नाबोथाचे म्हणणे आजही खोडता येत नाही. पोप सहावे पॉल यांनी 1967 च्या आपल्या परिपत्रकात राष्ट्रांच्या प्रगतीचा विचार करताना हेच शिकवले, की सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे आणि खासगी मालकीचा हक्क निरंकुश नाही. समाजहितासाठी जमीन घेता येते. पण मग देणाऱ्याचा त्या हितात वाटा हवा, आणि तो पहिला हवा.

दुसरी वाटही आपल्याच जेझुइट धर्मगुरूंनी दाखवली. स्वित्झर्लंडहून 1948 मध्ये आलेले फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोट विकासाचे काम उभे केले. पाऊस पडतो तेथेच तो मुरवायचा, श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. येथे गाव बुडवावे लागत नाही. मात्र चराई बंद झाली की पहिली झळ शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाला लागते. म्हणजे प्रश्न येथेही तोच. उपाय लहान असो वा मोठा, त्याची किंमत कोण मोजतो हे आधी विचारले पाहिजे.

हा प्रश्न जेऊरपुरता नाही. आमचे अनेक वाचक पुणे आणि पिंपरी-चिंचवडला राहतात. त्यांच्या घरातील सांडपाणी नद्यांतून वाहत भीमेला आणि अखेर उजनीला मिळते. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला आपण ते पाणी धाडतो. त्यांच्या त्यागाचे स्मरण प्रार्थनेत असावे, तसे नळ सोडतानाही असावे, आणि पुनर्वसनाचे अर्ज घेऊन कचेरीत खेटे घालणाऱ्याच्या सोबतीला आपल्यातील शिकलेला तरुण उभा राहावा.

कडक उन्हाळ्यात जलाशय ओसरतो तेव्हा पळसदेवचे देवालय आणि जुन्या घरांची जोती उघडी पडतात. म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन तेथे जातात आणि आपला उंबरा कोठे होता ते दाखवतात. पाऊस येतो, पाणी चढते आणि तो उंबरा पुन्हा झाकला जातो. त्या पाण्यावरच आपली शेते आणि शहरे जगतात. त्याचा हिशेब मांडताना तो उंबरा विसरू नये, एवढेच आमचे मागणे आहे.