दांपत्याची काशी-रामेश्वर यात्रा

आगगाडी येण्यापूर्वी काशीयात्रेस निघणारा मनुष्य घरातील देण्याघेण्याचा हिशेब पुरा करून, वाटणीपत्र लिहून ठेवून, आप्तेष्टांचा निरोप घेऊनच उंबरठा ओलांडीत असे. परत येणे दैवाधीन असे आणि आलाच तर मावंदे घालून गावजेवण करण्याइतका तो आनंदाचा प्रसंग ठरे. ही यात्रा एकट्याने करण्यापेक्षा दांपत्याने करणे अधिक पुण्यप्रद, अशी समजूत होती. धर्मकार्याचा संकल्प पत्नीसह सोडावयाचा आणि सेतुस्नानही जोडीनेच करावयाचे. प्रयागच्या त्रिवेणीसंगमावर तर वेणीदानाचा विधी आहे. तेथे पती आपल्या पत्नीची वेणी घालतो, तिचे टोक कापतो आणि ते संगमात अर्पण करतो. एरवी चारचौघांत पत्नीचे नावही न घेणारा गृहस्थ तेथे सर्वांदेखत तिचे केस विंचरीत बसे. या विधीचा महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र व तमिळनाडू या चारही प्रांतांतील यात्रेकरूंस सारखाच आदर आहे.

यात्रेचा क्रमही उत्तर आणि दक्षिण यांना बांधणारा होता. रामेश्वरास जाऊन सेतूची वाळू घ्यावयाची, ती प्रयागास त्रिवेणीत सोडावयाची आणि गंगोदक भरून पुन्हा रामेश्वरास आणून त्याचा अभिषेक करावयाचा, तेव्हा यात्रा पूर्ण होई. एकनाथांनी रामेश्वराकडे न्यावयाची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती कावड किती लांबून येत असे, याचा विचार सहसा होत नाही. काशी ते रामेश्वर हे अंतर सुमारे 1400 मैल. दररोज पाच कोस चालणे घडले, तरी मुक्काम न करता एका बाजूस साडेचार महिने लागत. पावसाळा, नद्यांचे पूर, ताप आणि पटकी यांचा हिशेब निराळाच.

या प्रवासाचे दक्षिणेतील उत्तम वर्णन मद्रास शहरातून, म्हणजे आजच्या चेन्नईतून निघालेल्या एका यात्रेकरूने लिहून ठेवले आहे. एनुगुल वीरास्वामी हे तेथील सुप्रीम कोर्टात दुभाषी होते. 18 मे 1830 रोजी ते कुटुंबीय, आप्त व नोकरचाकर अशा मोठ्या परिवारासह मद्रासहून निघाले. कडप्पा, हैदराबाद, नागपूर या मार्गाने ते प्रयाग-काशीस पोहोचले आणि गया, कलकत्ता, पुरी करून किनाऱ्याच्या वाटेने 3 सप्टेंबर 1831 रोजी परतले. त्यांचा ‘काशीयात्राचरित्र’ हा तेलुगू ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1838 साली मद्रासेत छापला गेला. मुक्काम कोठे करावा, पाणी कसे आहे, शिधा मिळतो की नाही, असे वाटसरूच्या उपयोगाचे तपशील त्यांत जागोजागी आहेत. पालखी व भोई बाळगणाऱ्या संपन्न गृहस्थाला पंधरा महिन्यांहून अधिक काळ लागला. मग डोक्यावर गाठोडे घेऊन चालणाऱ्या गरीब जोडप्याची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येते.

या जोडप्यांच्या वाटेवर मराठी माणसांनी उभे केलेले एक मोठे काम आहे. ते म्हणजे तंजावरच्या भोसले राजांची छत्रे. सत्र या संस्कृत शब्दावरून तमिळमधील ‘सत्तिरम्’ आणि मराठीतील ‘अन्नछत्र’ हे दोन्ही शब्द आले. रामेश्वराच्या वाटेवर नीडामंगलम, ओरत्तनाडू, मणमेलकुडी, मिमिसल अशा ठिकाणी ही छत्रे होती आणि यमुनांबा, मुक्तांबा, द्रौपदांबा, राजकुमारांबा अशी बहुतेकांना राजघराण्याशी संबंधित स्त्रियांची नावे दिलेली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधले. मुक्तांबा ही राजाची प्रिया. मृत्युशय्येवर तिने आपल्या नावाने एखादे छत्र उभारावे एवढेच मागितले, अशी परंपरागत कथा आहे.

सरफोजींची तरुणपणातील काही वर्षे मद्रासेतच गेली होती. तंजावरात जिवाला धोका वाटू लागल्यामुळे 1793 मध्ये त्यांना आणि तुळजाराजांच्या राण्यांना तेथे हलविण्यात आले आणि गेरिके या मिशनरीजवळ त्यांचे शिक्षण झाले. 1798 मध्ये ते गादीवर आले. परंतु पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. आता छत्रांना लावून दिलेल्या गावांचे उत्पन्नही जाणार की काय, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा, 1801 साली, सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस एक पत्र लिहिले. गमावलेल्या राज्याविषयी त्यात तक्रार नाही. विनंती आहे ती छत्रांसाठी.

छत्रांत काय चालते, हे राजाने त्या पत्रात सविस्तर सांगितले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळे. कोणी उपाशी राहिला असेल, तर मध्यरात्री घंटा वाजवून त्याला बोलावीत. आजारी पडलेल्यास बरे होईपर्यंत औषधपाणी, तान्ह्या मुलांना दूध आणि वाटेत मरण आलेल्यास त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यसंस्कार, अशी व्यवस्था असे. गर्भवती स्त्रीचे दिवस वाटेतच भरले, तर तिचे बाळंतपण छत्रात होई आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहता येई. आईबाप वाटेत दगावले, तर मुलांचा सांभाळ करून त्यांना शिकविण्यात येई. या दानधर्मामुळेच आपल्या राज्याला धर्मराज्य म्हणतात आणि तो मान आपणास सर्वांत मोठा वाटतो, असे राजाने कळविले. छत्रे राजाकडेच राहिली.

या तरतुदी नुसत्या वाचल्या, तरी दांपत्याच्या यात्रेचे खरे स्वरूप दिसू लागते. संकल्पाच्या वेळी पत्नी उजव्या हाताला बसे. पण वाटेवरचे ओझे, स्वयंपाक, मूल आणि प्रसूती हा तिचा वाटा होता. शास्त्रग्रंथांनी तिला पुण्याचा अर्धा भाग दिला. या छत्रांनी तिला दूध, औषध आणि तीन महिन्यांची विश्रांती दिली. पुढे 1820 ते 1822 या काळात सरफोजी स्वतः मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस गेले. त्या यात्रेवर मराठीत लावण्याही रचल्या गेल्या.

1 जुलै 1856 रोजी मद्रासच्या रायपुरम स्थानकातून दक्षिणेतील पहिली आगगाडी सुटली आणि 1914 मध्ये पांबनचा पूल खुला झाल्यावर गाडी थेट रामेश्वर बेटावर पोहोचली. साडेचार महिन्यांची वाट काही दिवसांवर आली आणि पायी चालणारी जोडपी विरळ झाली. वाट सोपी झाल्यावर छत्रांचे महत्त्व ओसरणे स्वाभाविकच होते. तथापि, परमुलखातील, परभाषेतील, कधीही पुन्हा न भेटणाऱ्या स्त्रीच्या बाळंतपणाची काळजी राज्याने वाहावी, ही जाणीव त्या धुळीच्या वाटेनेच निर्माण केली. तंजावरच्या मराठी राज्याची सत्ता गेली. पण त्याने जे वाचविण्यासाठी धडपड केली, त्यावरून त्याची योग्यता ठरविणे उचित होईल.