भयमुक्ती, ख्रिस्ती

ईश्वराच्या सान्निध्यावरील विश्वासाने भीतीवर मात करण्याची ख्रिस्ती संकल्पना. तिचे एक मूळ जुन्या करारातील २३ व्या स्तोत्रात (पहा : स्तोत्रसंहिता) असून योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१८) प्रीती हा भयावरील उपाय मानला आहे. श्रद्धावंतालाही भीती वाटते, हे ही संकल्पना गृहीत धरते : पाण्यावर चालणारा पेत्र वाऱ्याला भिऊन बुडू लागतो (मत्तय १४). मराठी ख्रिस्ती साहित्यात या भयाला सामाजिक रूप आले. आप्तांचा दुरावा व जातिबहिष्कार हे त्याचे मुख्य विषय. हे भय असतानाही बाबा पदमनजींनी (१८३१–१९०६) बेळगावात १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला (पहा : अरुणोदय हे त्यांचे आत्मचरित्र). ना. वा. टिळकांच्या १८९५ मधील धर्मांतरानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी (१८६८–१९३६) सोवळे मोडण्याचे भय टप्प्याटप्प्याने टाकले व १९०० मध्ये दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र स्मृतिचित्रे हा या स्थित्यंतराचा तपशीलवार मराठी आलेख होय.