संघारामाच्या दाराशी : चूळपन्थक थेराची स्वतःची साक्ष

वर्षावासाच्या काळात आपल्या विहारांतून ज्या कथा वारंवार सांगितल्या जातात, त्यांत चूळपन्थक थेराची कथा हमखास असते. मंदबुद्धीचा भिक्खू, चार महिन्यांत एक गाथाही पाठ न होणे, तथागतांनी दिलेले वस्त्र, ते चोळता चोळता मळणे आणि त्यातून झालेली अर्हत्पदाची प्राप्ती, असा तिचा ठरलेला क्रम आहे. श्रोत्यांना ती आवडते. परंतु ऐकून उठताना त्यांच्या मनात बहुधा चमत्कार तेवढा राहतो.

आम्ही गेली काही वर्षे विहारात प्रौढांसाठी पालीचा वर्ग चालवितो. नामाच्या विभक्तीशी अडलेला मनुष्य हटकून म्हणतो, "सर, आमच्या डोक्यात हे शिरायचे नाही." हे वाक्य त्याला लहानपणी कोणीतरी ऐकविलेले असते आणि विभक्तीच्या रूपांपेक्षा ते त्याला अधिक पक्के पाठ असते. त्याला काय उत्तर द्यावे याचा विचार करताना आम्ही चूळपन्थकाकडे पुन्हा वळलो, आणि या वेळी अट्ठकथा बाजूला ठेवून त्याच्या स्वतःच्या गाथा आधी वाचल्या.

थेरगाथेच्या दसकनिपातात चूळपन्थकाच्या दहा गाथा आहेत. आपली गती मंद होती, पूर्वी आपण परिभूत होतो, म्हणजे लोक आपल्याला तुच्छ लेखीत, असे सांगून तो सुरुवात करतो. भावाने आपल्याला घालवून दिले आणि आता घरी जा म्हणून सांगितले, हे तो लपवीत नाही. घालवून दिल्यावर तो संघारामाच्या दाराशी खिन्न होऊन उभा राहिला. तेथे भगवान आले, त्यांनी त्याच्या मस्तकावरून हात फिरविला, दंड धरून त्याला आत नेले आणि पाय पुसण्याचे एक वस्त्र त्याच्या हाती दिले.

या कथनातील दोन शब्दांकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पहिला 'दन्ध'. आपल्याला गती नव्हती असे थेर म्हणत नाही. ती मंद होती एवढेच म्हणतो. दुसरा शब्द अधिक मोलाचा आहे. दाराशी उभे असतानाच्या मनःस्थितीचे वर्णन करताना तो स्वतःला शासनाविषयी 'अपेक्खवा' म्हणवितो. 'अपेक्खा' हा शब्द पालीत एरवी फारसा चांगल्या अर्थाने येत नाही. पुत्र, पत्नी, घरदार यांत गुंतलेल्या मनाची जी ओढ, जे बंधन, ते अपेक्खा. धम्मपदाच्या तण्हावग्गात तो याच अर्थाने आला आहे. चूळपन्थकाने हा घरगुती ओढीचा शब्द उचलला आणि शासनाला लावला. भाऊ म्हणतो, घरी जा. आणि घराविषयी वाटावी ती ओढ याला ज्या दारातून घालवून दिले त्या दाराच्या आतल्या जीवनाविषयी वाटते आहे. आत्मविश्वास म्हटले की ताठ मान आणि मोठा आवाज आपल्या डोळ्यांसमोर येतो. येथे तसे काही नाही. एक खिन्न मनुष्य दारापासून हलत नाही, एवढेच आहे.

आता अट्ठकथेकडे येऊ. धम्मपदाच्या 25 व्या गाथेवरील अट्ठकथेत, तसेच चूळसेट्ठी जातकाच्या प्रास्ताविकात, या भावांच्या जन्माची हकीकत आली आहे. राजगृहातील एका धनाढ्य श्रेष्ठीची मुलगी आपल्याच घरच्या दासाबरोबर पळून गेली. प्रसूतीसाठी माहेरी जावे म्हणून ती दोन्ही वेळा निघाली आणि दोन्ही वेळा वाटेतच प्रसूत झाली. वाटेवर, म्हणजे 'पन्थ'वर जन्मलेले म्हणून थोरला महापन्थक आणि धाकटा चूळपन्थक. पुढे मुलांनी आजोळचा हट्ट धरला तेव्हा आजा-आजीने नातवंडे ठेवून घेतली. मुलीला आणि जावयाला मात्र धन पाठवून कोठेही सुखाने राहा, पण आमच्या नजरेसमोर येऊ नका, असे कळविले. ही कोणत्या मुलीची मुले, असे कोणी विचारले की पळून गेलेल्या मुलीची, हे सांगताना श्रेष्ठीला लाज वाटे. त्यामुळे नातवंडांच्या प्रव्रज्येला त्याने आनंदाने अनुमती दिली, असे अट्ठकथाकार सहज लिहून जातात. दासाचा मुलगा, वाटेवर जन्मलेला, आईबापांपासून तोडलेला आणि आजोबांना नकोसा, असा हा बालक आहे. आपल्या व्याख्यानांतून हा भाग का गळतो हे आम्हांस कळलेले नाही. ज्या समाजाने जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्याने तरी तो गाळू नये.

भिक्खुसंघात जन्माची विचारणा नव्हती. परंतु तेथे दुसरे एक माप होते, ते स्मरणशक्तीचे. त्रिपिटक सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, ग्रंथारूढ झाले. तोवर बुद्धवचन भिक्खूंच्या कंठातच जगत होते. दीघभाणक, मज्झिमभाणक अशा पाठकांच्या परंपरा त्यातूनच उभ्या राहिल्या. अशा संघात ज्याला चार महिन्यांत एक गाथा धरून ठेवता येत नाही, तो कोणाच्या हिशेबात धरला जाणार? आणि माप लावणारा कोणी परका वा दुष्ट नव्हता. महापन्थक स्वतः अर्हत होता. अट्ठकथेनुसार संज्ञाविवर्तात कुशल म्हणून, आणि चूळपन्थक चित्तविवर्तात कुशल म्हणून, दोघांचीही नावे अंगुत्तरनिकायातील अग्र श्रावकांच्या यादीत आहेतच. तो विद्वान होता, कर्तव्यदक्ष होता, धाकट्या भावाचे हित चिंतणारा होता, आणि तरीही चुकला. शत्रूने हिणविले तर मनुष्य त्याला उलट उत्तर देऊ शकतो. वडील भावाने, आणि तेही ज्ञानी भावाने, तू या कामाचा नाहीस असे म्हटले तर काय करावे?

महापन्थकाकडे तेव्हा भत्तुद्देसकाचे, म्हणजे आलेल्या भोजननिमंत्रणांची वाटणी करण्याचे काम होते. जीवक वैद्याने तथागतांसह पाचशे भिक्खूंना निमंत्रण दिले, तेव्हा चूळपन्थकाला वगळून इतर सर्वांसाठी आपण ते स्वीकारतो, असे त्याने सांगितले. भोजनाच्या वेळी तथागतांनी पात्रावर हात ठेवला आणि विहारात कोणी भिक्खू उरले आहेत काय, असे विचारले. कोणी नाही, असे उत्तर महापन्थकाने दिले. तो खोटे बोलला असे अट्ठकथा म्हणत नाही. आम्हांसही तसे वाटत नाही. त्याच्या लेखी तेथे खरोखरच कोणी नव्हते.

गाथा आणि अट्ठकथा यांत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि ऐतिहासिक दृष्टीने तो नजरेआड करण्यासारखा नाही. अट्ठकथेत चूळपन्थक निराश होऊन चीवर टाकण्याचे ठरवितो आणि पहाटे घराकडे निघतो. तथागत ते जाणून आधीच दाराशी येऊन चंक्रमण करीत राहतात आणि त्याला अडवितात. गाथेत तो निघालेला नाही. तो उभा आहे, आणि भगवान तेथे येतात. अट्ठकथेच्या चौकटीत सारे कर्तृत्व तथागतांकडे जाते. गाथेत तथागतांची करुणा तेवढीच आहे, पण ती एका न हललेल्या माणसापाशी येऊन पोचते. गाथा प्राचीन आहेत आणि त्या थेराच्या तोंडच्या म्हणून जपल्या गेल्या आहेत. आज उपलब्ध अट्ठकथा इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास व त्यानंतर सिद्ध झाल्या. आम्ही गाथेच्या बाजूने कौल देतो.

अट्ठकथा आणखी एक गोष्ट जोडते. कस्सप बुद्धाच्या काळी चूळपन्थक विद्वान भिक्खू होता, एका मंदबुद्धी भिक्खूच्या पाठांतराला तो हसला, म्हणून या जन्मी मंद झाला, असे स्पष्टीकरण तेथे दिले आहे. गाथांत याचा मागमूस नाही. आपल्या मंद गतीचे कारण थेर गतजन्मात शोधत नाही आणि कोणाकडून मागतही नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेला जो प्रश्न विचारला, तो येथे आपोआप आठवतो. दैन्याचे खापर गतजन्मावर फोडले की आजच्या अवहेलनेचा हिशेब कोणी द्यावयाचा, हा प्रश्नच उरत नाही.

वस्त्राविषयी थोडेच सांगतो, कारण तो भाग सर्वांना ठाऊक आहे. अट्ठकथेतील वस्त्र शुभ्र आणि ऋद्धीने निर्मिलेले आहे. गाथेतील वस्त्र पाय पुसण्याचे आहे. ते एकाग्रतेने चित्तात धरण्यास तथागतांनी सांगितले. ज्याला शब्द धरता येत नाहीत, त्याच्या हाती त्यांनी वस्तू दिली. शिकणाऱ्याला दोष न देता शिकविण्याची पद्धत बदलली, हे आम्हां शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

पालीच्या अभ्यासकाला या ठिकाणी एक जवळचा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. बाबासाहेब मुंबईत हायस्कुलात शिकत असताना त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला आणि नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. फारसीवर त्यांनी राग धरला नाही. मात्र संस्कृतची ओढ सोडली नाही आणि पुढे स्वतःच्या प्रयत्नाने ती भाषा आत्मसात केली. आयुष्याच्या उत्तरार्धात राज्यघटना, मंत्रिपद, पक्ष, संस्था आणि ढासळती प्रकृती सांभाळीत ते पालीकडे वळले. त्यांनी सिद्ध केलेले पालीचे व्याकरण आणि शब्दकोश त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या 16 व्या खंडात 1998 साली प्रसिद्ध केले. आमच्या वर्गात तो खंड टेबलावर असतो. ज्याला एका भाषेच्या दाराशी थांबविले, त्याने दुसऱ्या भाषेची दारे इतरांसाठी उघडून ठेवली, हे सांगावयास आम्हांस वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. खंड उघडून दाखविला की पुरते.

चूळपन्थकाची कथा अर्हत्पदापाशी संपते अशी समजूत आहे. विनयपिटक वेगळे सांगते. भिक्खुविभंगात, 22 व्या पाचित्तियाच्या निदानकथेत तो पुन्हा भेटतो. प्रसंग श्रावस्तीचा आहे आणि भिक्खुनींना उपदेश करण्याची पाळी त्याच्यावर आली आहे. तेथे तो ऋद्धिसंपन्न दिसतो, त्यावरून ही घटना अर्हत्पदानंतरची असावी. परंतु लौकिक बदललेला नाही. आज उपदेश काही रंगायचा नाही, आर्य चूळपन्थक तेच ते उदान पुनःपुन्हा म्हणतील, असे भिक्खुनी आधीच आपसांत बोलतात. आणि तो खरोखर तेच उदान म्हणतो, मग पुन्हा तेच म्हणतो. आम्ही म्हटले नव्हते का, अशी कुजबुज होते. ती त्याच्या कानी पडते.

जपानात या थेराविषयी एक लोककथा आहे. तो स्वतःचे नावही विसरत असे, आणि त्याच्या समाधीवर म्योगा नावाची आल्याच्या जातीची वनस्पती उगवली. म्हणून म्योगा खाल्ली की विसराळूपणा येतो, असे तेथे म्हणतात. इतक्या दूर, इतक्या शतकांनंतरही लोकांनी त्याची विसराळू वृत्तीच जपली. श्रावस्तीच्या भिक्खुनींना तर तो समोर दिसत होता. त्यांना फार दोष देण्यात अर्थ नाही.

कुजबुज ऐकून चूळपन्थक रागावला किंवा त्याने खुलासा केला, असे विनयात नाही. तो आकाशात वर गेला, तेथे चालला, उभा राहिला, बसला, पहुडला, असे वर्णन येते. आजच्या वाचकाने या ऋद्धीचा अर्थ आपापल्या बुद्धीने लावावा. आमचे लक्ष तो काय बोलला याकडे आहे. त्याने प्रथम तेच उदान म्हटले, आणि त्याबरोबर इतर पुष्कळ बुद्धवचनही सांगितले. असा समृद्ध उपदेश पूर्वी कधी ऐकला नव्हता, असे त्याच भिक्खुनी म्हणू लागल्या. तो अंधार पडेपर्यंत बोलत राहिला आणि मग त्याने त्यांना निरोप दिला. त्या पोचल्या तोवर नगराचे दार बंद झाले होते. रात्र त्यांनी बाहेरच काढली आणि सकाळी आत शिरताना लोकांची निंदा ऐकली. त्यावरून सूर्यास्तानंतर भिक्खुनींना उपदेश करू नये हा नियम झाला. पातिमोक्खाच्या पठणात तो आजही म्हटला जातो. त्यात चूळपन्थकाचे नाव नाही; ते निदानकथेत आहे, त्या एका उदानाच्या शेजारी.