३६८ दिवसांचं गणित

सिडनी ऑलिंपिक म्हटलं की आमच्या पिढीला एकच गोष्ट आठवते, कर्णम मल्लेश्वरीचं ब्राँझ. १९ सप्टेंबर २०००. त्या स्पर्धेत भारताला मिळालेलं एकमेव पदक. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे पीएच.डी.च्या निमित्ताने ऑस्ट्रेलियातच येऊन पडलो, आणि इथे कळलं की वेबसाइटवाल्यांच्या दुनियेत सिडनी ऑलिंपिक भलत्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे.

कळलं तेही फजिती झाल्यावर. आमच्या लॅबने सेन्सरच्या मोजमापांची एक साइट केली होती. अपंग माणसांना ती वापरता येते का हे तपासणारं सॉफ्टवेअर मी चालवलं. शंभरपैकी शंभर! त्याच खुशीत ती दुसऱ्या विभागातल्या एका अंध सहकाऱ्याला दाखवायला नेली (खरं तर ऐकवायला). त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, बोलू लागला: "ग्राफ. ग्राफ. ग्राफ." असं बारा वेळा. चित्राला पर्यायी मजकूर हवा असा नियम आहे, तो मी पाळला होता. त्याने शांतपणे विचारलं, "चढतोय की उतरतोय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण साइटवर नव्हतं.

अशी तपासणी यंत्राकडून करून घ्यायची कल्पना बरीच जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या कास्ट या संस्थेने १९९६ साली 'बॉबी' नावाचा प्रोग्रॅम काढला. पानाचा पत्ता द्यायचा, बॉबी चुका काढून देणार. पास झालात तर 'बॉबी अप्रूव्ड' असा बिल्ला साइटवर लावायचा. बॉबी म्हणजे इंग्लंडात पोलीस शिपाई, त्यावरून हे नाव. मे १९९९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने पहिली मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली: १४ तत्त्वं आणि त्यांखाली ६५ तपासण्या. यातल्या सगळ्या काही यंत्राला जमत नाहीत. बॉबी प्रामाणिक होता, अमुक गोष्टी माणसाने तपासाव्यात अशी यादी तो अहवालातच द्यायचा. पण बिल्ला मिळाल्यावर यादी वाचतो कोण?

त्यानंतर जेमतेम महिनाभराने, जून १९९९ मध्ये, ब्रूस मॅग्वायर या जन्मांध गृहस्थांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. ते ब्रेल डिस्प्ले वापरत. पडद्यावरचा मजकूर त्यावर एका वेळी एक ओळ असा ठिपक्यांत उमटतो. ऑलिंपिकच्या साइटवर चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जाता येत नव्हतं, आणि निकालांचे तक्ते त्यांना वाचता येत नव्हते.

तक्त्यात काय अडचण, असं वाटेल. मल्लेश्वरीचाच निकाल घ्या: ११०, १३०, २४०. डोळस माणूस वर नजर टाकतो आणि त्याला कळतं, स्नॅच ११० किलो, क्लीन अँड जर्क १३०, एकूण २४०. बोटांखाली नुसती ही ओळ आली तर? कुठला आकडा कशाचा हे सांगायला मथळा आणि आकडा यांची सांगड पानाच्या कोडमध्येच घालावी लागते. घातली नाही तर तीन सुटे आकडे उरतात.

आयोजन समितीने बचावात आपलं गणित मांडलं. १,२९५ टेम्प्लेट बदलावे लागतील, एका माणसाला त्यासाठी ३६८ दिवस लागतील, आणि खर्च वीस लाख डॉलरच्या वर जाईल. हे आम्हाला झेपणारं नाही. तक्रारदाराच्या बाजूने टॉम वर्थिंग्टन आणि जुटा ट्रेव्हिरानस या तज्ज्ञांनी साक्ष दिली. त्यांचा हिशोब वेगळा निघाला: टेम्प्लेट त्याहून पुष्कळ कमी आहेत, एक अनुभवी डेव्हलपर आणि पाच ते दहा मदतनीस, चार आठवड्यांत काम होईल.

२४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाचे विल्यम कार्टर यांनी निकाल दिला, की हा १९९२ च्या कायद्याखाली भेदभावच आहे, साइट १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, दुरुस्त करा. समितीने आदेश पुरता पाळला नाही. स्पर्धा संपल्या, नोव्हेंबरमध्ये मॅग्वायर यांना २०,००० डॉलर भरपाई मिळाली. पण ते मागत होते निकालांचे तक्ते, आणि तेही खेळ चालू असताना. भरपाईच्या धनादेशावर ११०-१३०-२४० वाचता येत नाही.

त्यानंतर नियम सुधारत गेले, २००८ मध्ये दुसरी आवृत्ती आली. बॉबीही त्याच वर्षी बंद झाला, त्याची जागा हुशार प्रोग्रॅमांनी घेतली. तरी २०१९ साली एका वेब डेव्हलपरने मुद्दाम अशी साइट बनवली, जी जवळपास कोणालाच वापरता येणार नाही पण यंत्राच्या तपासणीत तिला शंभरपैकी शंभर मिळतील. आणि मिळाले!

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर युनिकोडपूर्वीची मराठी वृत्तपत्रं आठवा. प्रत्येकाचा आपापला फाँट. डोळ्यांना सुरेख देवनागरी, पण आत साठवलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडरला ती वाचायला लावली तर निव्वळ खिचडी. यंत्राच्या लेखी मात्र तिथे मजकूर होता.

असो. मी त्या बारा ग्राफांखाली प्रत्येकी दोन वाक्यं लिहिली. ३६८ दिवस लागले नाहीत, एक दुपार पुरली. सहकाऱ्याला पुन्हा ऐकवलं. सातव्या ग्राफला तो थांबला आणि म्हणाला, "रात्री तापमान वाढतंय? सेन्सर नीट बघ." बघितला. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. ती चूक डोळे शाबूत असलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही दिसली नव्हती.