घरांतला पडदा

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. धरमपेठेंत आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घरीं मोठा स्मार्ट टीव्ही आला. नातवानें त्यास इंटरनेट जोडलें, दोन कंपन्यांची वर्षाची वर्गणी भरली, आजीच्या आवडीचा एक जुना चित्रपट लावून दिला आणि तो पुण्यास निघून गेला. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं बाई आमच्याकडे आल्या. पडद्यावर नुसते चौकोनच चौकोन दिसतात, त्यांतला कोणता दाबावा तें कळत नाहीं, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. आम्हीं नातवास फोन लावला. तो म्हणाला, "आजी, तू काकांना सांग न, ते लावून देतील." बाईंनीं फोन आपल्या हातीं घेतला आणि शांतपणें सांगितलें, "लावून देणारे पुष्कळ आहेत रे. लावायचें कसें, तें शिकव."

बाईंचें हें वाक्य आमच्या मनांत बरेच दिवस घोळत राहिलें. घरबसल्या ऐकण्यापाहण्याच्या साधनांचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक सालीं अमुक यंत्र आलें, तमुक सालीं तें मागें पडलें, इतकाच त्याचा सांगाडा. आमच्या मतें तो खरोखर निवडीचा इतिहास आहे. घरांत काय ऐकलें जावें, काय पाहिलें जावें, आणि केव्हां, हें ठरविणारा कोण? या एका प्रश्नाचें उत्तर गेल्या पाऊणशें वर्षांत कसकसें बदलत गेलें तें पाहिलें, म्हणजे आजच्या या स्ट्रीमिंगच्या विद्येचा श्रीगणेशा कोठून करावा हेंही आपोआप उमगतें.

नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असतांना, जुलै १९४८ मध्यें, येथें रेडिओचें केंद्र सुरू झालें. त्या काळीं रेडिओ घेणाऱ्यास डाकघरांतून परवाना काढावा लागे व दरसाल त्याचे पैसे भरावे लागत. खिडकीपुढें उभें राहून स्वतःच्या हातानें रक्कम मोजणाऱ्या गृहस्थास आपण कशाचे पैसे देतों हें पक्कें ठाऊक असे. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. एका रेडिओभोंवतीं सबंध घर, आणि कित्येकदां शेजारचेंही घर, गोळा होई; परंतु काय ऐकवावयाचें हें केंद्र ठरवी. तथापि श्रोता अगदींच मुका नव्हता. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणानें सरकारी केंद्रांवरील चित्रपटगीतें ओसरूं लागतांच लोकांनीं सुई फिरवून सिलोन गांठलें. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'विविध भारती' सुरू करणें सरकारास भाग पडलें. सुई श्रोत्याच्या हातीं होती, एवढ्यानेंच हें घडलें.

दूरचित्रवाणी दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं अवतरली. मुंबईचें चित्र इतक्या दूरवर नागपुरापर्यंत पोहोंचणें शक्यच नव्हतें. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांच्या निमित्तानें रंगीत चित्र आलें आणि पुढील कांहीं वर्षांत देशभर प्रक्षेपणकेंद्रांचें जाळें विणलें गेलें, तेव्हां गच्च्यांवर अँटेनांचे सांगाडे उभे राहिले. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं 'रामायण' लागूं लागलें, त्या वेळचे ओस रस्ते आमच्या वयाच्या सर्वांस आठवत असतील. ज्याच्या घरीं टीव्ही, त्याच्या घरीं सगळी आळी. चपलांचा ढीग दारांत, मुलें पुढें सतरंजीवर आणि वडीलधारी मंडळी मागें खुर्च्यांवर. वाहिनी एक, वेळ एक, त्यामुळें वादही नाहीं आणि निवडही नाहीं.

निवड प्रथम घरांत आली ती भाड्यानें. जपानांत १९७६ सालीं निघालेली व्हीएचएस पद्धतीची कॅसेट येत्या दशकांत आमच्याकडे पसरली. गणपतींत किंवा लग्नघरांत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणावयाचा आणि पहांटेपर्यंत तीन चित्रपट संपवावयाचे, हा त्या दिवसांतला सोहळा होता. कोणते तीन आणावे यावर आधीं दोन दिवस वाद चाले. आज वाटतें, त्या वादांतच खरी गोडी होती. कारण निवडणें हें सर्वांचें मिळून काम होतें.

केबलनें चित्र पालटलें. १९९१ च्या आखाती युद्धाचीं दृश्यें परदेशी वाहिन्यांवरून घरांत आलीं, २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी टीव्ही सुरू झाला, आणि गच्चीवरून गच्चीवर लोंबणाऱ्या तारांचें राज्य इतकें माजलें कीं १९९५ सालीं त्यावर कायदा करावा लागला. मार्च २०१३ अखेरच्या मुदतीनें ज्या ३८ शहरांत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्यांत नागपूरही होतें. वाहिन्या एकाच्या शंभर झाल्या, तरी घड्याळ मात्र वाहिनीचेंच राहिलें. साडेसातची मालिका साडेसातलाच पाहावयाची. स्वयंपाक, परवचा आणि पाहुणे यांनींच तिच्याशीं जुळवून घ्यावयाचें.

हें घड्याळ मोडलें तें स्ट्रीमिंगनें. या शब्दाचा अर्थ प्रवाह. हंडे भरून पाणी घरांत सांठविणें आणि पाटानें पाणी वाफ्यांत सोडणें यांत जो फरक, तोच कॅसेट आणि स्ट्रीमिंग यांत. सबंध चित्रपट घरीं येऊन पडत नाहीं; कांहीं सेकंदांचे त्याचे तुकडे एकामागून एक येतात, पुढचे थोडेसे यंत्रांत जमा राहतात आणि पाहून झालेले पुसले जातात. पाट आटला तर घरचेंच यंत्र आपण होऊन अधिक पुसट चित्राचे हलके तुकडे मागवितें. तेवढ्यानेंही भागलें नाहीं म्हणजे पडद्यावर तें वैतागवाणें वर्तुळ फिरूं लागतें. अमेरिकेंत १९९५ च्या सुमारास ही युक्ति प्रथम ध्वनीसाठीं प्रचारांत आली. २३ एप्रिल २००५ रोजीं यूट्यूबवर पहिलें चित्र चढलें. आणि तोंवर डाकेनें चकत्या धाडणाऱ्या नेटफ्लिक्सनें २००७ सालीं पाट सोडला. आमच्याकडे हॉटस्टार २०१५ च्या फेब्रुवारींत आणि नेटफ्लिक्स २०१६ च्या जानेवारींत आलें. त्याच वर्षीं ५ सप्टेंबरला जिओची स्वस्त सेवा सुरू झाली, आणि जी चैन होती ती घरोघरची गोष्ट होऊन बसली.

खरी परीक्षा झाली ती २०२० च्या मार्चांत. टाळेबंदीनें सगळीं घरें एकदम या पाटावर येऊन बसलीं. तेव्हां देशांतील मोठ्या कंपन्यांनीं ताण हलका करण्यासाठीं मोबाइलवरील चित्राचा दर्जा कांहीं आठवडे आपण होऊन उतरविला. मौज अशी कीं, त्याच दिवसांत, २८ मार्चपासून, दूरदर्शननें जुनें 'रामायण' पुन्हा लावलें आणि तें पाहण्यास लोकांनीं पुन्हा घड्याळाकडे डोळे लावले. आपण होऊन निवडण्याची मोकळीक जितकी हवीशी वाटते, तितकीच सर्वांनीं एका वेळीं एक गोष्ट पाहण्याची ओढही माणसांत आहे, हें त्यावरून स्पष्ट दिसलें.

आतां नवशिक्याच्या कामाचा विचार करूं. बाईंस शिकवितांना आम्हीं हाच इतिहास पुढें ठेवला. पहिली गोष्ट पाटाची. स्वच्छ चित्रास सेकंदाला सुमारें पांच मेगाबिट वेग पुरतो. या हिशेबानें तासाभरांत सव्वादोन गिगाबाइट मजकूर घरांत येतो. मोबाइलच्या रोजच्या मर्यादित डेटावर टीव्ही चालविणाऱ्याचा डेटा त्यामुळें मध्यंतरापूर्वींच संपतो. घरीं तारेची जोडणी असावी आणि वायफायचा डबा टीव्हीपासून दोन भिंतींआड नसावा, हें बरें.

दुसरी गोष्ट वर्गणीची, आणि येथें त्या डाकघराच्या खिडकीची आठवण होते. आज पैसे मोजण्यास हात लागत नाहीं. कार्डाचा क्रमांक एकदां दिला कीं रक्कम आपोआप कापली जाते. आमच्याच घरीं २०१९ सालीं 'एक महिना फुकट' म्हणून घेतलेल्या एका सेवेचे पैसे पुढें सात महिने जात होते, आणि ती सेवा घरांत कोणीही पाहत नव्हतें. आतां १ ऑक्टोबर २०२१ पासून, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, अशी रक्कम कापण्याच्या निदान २४ तास आधीं सूचना येतेच. परंतु ती वाचणारा पाहिजे. म्हणून एका वेळीं एकच सेवा घ्यावी, ती महिन्याच्या बोलीनें घ्यावी, आणि दुसरी हवी असेल तर आधीं पहिली थांबवावी. पूर्वीं एका मासिकाची वर्गणी भरून तें चार घरांत फिरविण्याची जी आपली जुनी रीत, ती येथें फारशी चालत नाहीं. २०२३ च्या जुलैपासून नेटफ्लिक्सनें भारतांत एका घराबाहेर पासवर्ड वांटण्यास बंदी केली आहे. आणि कांहीं काळ एक पैही न भरतां शिकावें, हें सर्वांत उत्तम. यूट्यूबवर सह्याद्रि वाहिनीचे कार्यक्रम आहेत. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं प्रसारभारतीनें 'वेव्हज' ही सेवा सुरू केली आहे. तेवढ्यावर हात बसला म्हणजे मग खिशास हात घालावा.

तिसरी गोष्ट मुलांची. २०२१ च्या फेब्रुवारींतील केंद्र सरकारच्या नियमांनीं प्रत्येक चित्रावर सर्वांसाठीं, सात, तेरा, सोळा वर्षांवरील अथवा प्रौढांसाठीं असा शिक्का असणें आवश्यक ठरविलें आहे, आणि तेरा वर्षांवरील वर्गापासून पुढें पालकांस कुलूप लावण्याची सोय सक्तीची केली आहे. हें कुलूप असतें, पण तें घरानें लावावें लागतें. नातवंडांसाठीं निराळें खातें उघडणें हें पहिल्याच दिवसाचें काम आहे. नंतर तें राहून जातें.

एवढें सांगून झाल्यावर आमच्या मनांतील खरी काळजी सांगतों. या पाटांत येणारें कांहींही आपलें नसतें. कॅसेट कपाटांत राही. हा चित्रपट आज आहे आणि कंपनीचा करार संपला कीं उद्यां नाहीं. कंपन्यांचींही तीच तऱ्हा. हॉटस्टारचें नांवच दहा वर्षांत दोनदां बदललें. ज्या देशांत १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा काहीं भागच आज शिल्लक आहे, आणि चित्रपट जतन करणारें पुण्याचें राष्ट्रीय संग्रहालय १९६४ सालीं, म्हणजे अर्ध्या शतकानंतर, निघालें, त्या देशानें ही गोष्ट हलकी मानूं नये. मराठी चित्रांची काळजी तर विशेषच करावयास हवी; कारण यंत्र तेंच पुढें करतें जें पुष्कळ लोक पाहतात. कोणी मराठी शोधलें नाहीं तर मराठी दिसणार नाहीं, आणि दिसलें नाहीं तर पुढें कोणी तें घेणार नाहीं.

उलट, शोधणारास काय लाभतें याचींही उदाहरणें आहेत. हिंदुस्थानी गायकीच्या साधकावरील चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' ३० एप्रिल २०२१ रोजीं नेटफ्लिक्सवर आला, त्या वेळीं महाराष्ट्रांतील चित्रगृहें बंद होतीं. तो मराठी चित्रपट धरमपेठेंत आणि परदेशांतील मराठी घरांत एकाच दिवशीं पाहतां आला. आपल्याच नागपुरांतील झोपडपट्टीच्या फुटबॉलची कथा सांगणारा नागराज मंजुळे यांचा हिंदी 'झुंड' २०२२ सालीं चित्रगृहांनंतर दोन महिन्यांतच घरच्या पडद्यावर आला. मात्र अशीं चित्रें पहिल्या ओळींतील चौकोनांत सांपडत नाहींत. शोधाच्या खिडकींत नांव लिहावें लागतें. रेडिओची सुई फिरविण्याचें आजचें रूप तेंच होय.

बाई चार सायंकाळींत शिकल्या. पहिल्या दिवशीं त्यांनीं वहींत रिमोटचें चित्र काढून प्रत्येक कळीपुढें तिचें काम लिहून घेतलें. चौथ्या दिवशीं देवनागरींत नांव लिहून त्यांनीं स्वतः एक चित्रपट शोधून काढला. एका कंपनीची वर्गणी, नातवास कळवून, त्यांनीं बंद करविली. आतां दर शनिवारीं त्यांच्याकडे आम्हीं पांचसहा शेजारी जमतों. काय पाहावें यावर आधीं वाद होतो, आणि तो कधीं कधीं चित्रपटाइतकाच लांबतो. गेल्या शनिवारीं पुण्याहून नातू आला होता. त्यानें सवयीनें रिमोटकडे हात नेला, तेव्हां बाई त्यास म्हणाल्या, "बस तू. काय पाहायचें तेवढें सांग, लावते मी."