फेलूदाला बेकर स्ट्रीटचा भाडेकरू करू नका

सत्यजित राय यांच्या गुप्तहेर फेलूदाचे चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांत एक मत आता सिद्धान्ताच्या थाटात मिरवते. या चित्रपटांत जागोजाग शेरलॉक होम्स दडवलेला आहे आणि तो हुडकणे हाच खरा रसास्वाद! फेलूदाचा मदतनीस तोपसे म्हणजे वॉटसन, सिधू ज्याठा मायक्रॉफ्ट, खलनायक मगनलाल मेघराज मोरिआर्टी. रजनी सेन रोडवरचा 21 हा घरक्रमांकही होम्सच्या बेकर स्ट्रीटवरच्या 221-बीची सावली.

हा पक्ष दुबळा नाही. फेलूदा होम्सला गुरू मानतो, तोपसे वॉटसनसारखाच कथा सांगतो. घरक्रमांकही वादापुरता मान्य. पण जे राय चारचौघांत सांगून मोकळे झाले, त्याला दडवलेले कसे म्हणायचे?

जोड्याच तपासू. मायक्रॉफ्ट होम्सचा थोरला भाऊ, बुद्धीने त्याच्याहून वरचढ. सिधू ज्याठा म्हणजे वर्तमानपत्री कात्रणांचे आणि स्मरणशक्तीचे भांडार. तो माहिती पुरवतो, उकल फेलूदाच करतो. कात्रणांच्या वह्या तर होम्स स्वतः ठेवी. मोरिआर्टी वॉटसनला धड भेटतही नाही. 'जय बाबा फेलूनाथ'मध्ये (1979) उत्पल दत्तचा मगनलाल मात्र पाहुण्यांना समोर बसवून सरबत देतो आणि फेलूदाचा सोबती जटायू याच्यावर सुरे फेकायला लावतो. साम्य उरले कुठे?

राहिला जटायू. प्रतिपक्ष इथे बॅसिल रॅथबोनच्या 1939 ते 1946 मधल्या 14 होम्सपटांकडे बोट दाखवतो: नायजेल ब्रूसचा गोंधळ्या वॉटसन म्हणजेच जटायू. पण जटायू हा स्वतः खपाऊ रहस्यकथांचा लेखक आहे. उंटाच्या पोटातल्या पाण्याबद्दल तो चुकीचे लिहितो आणि फेलूदा ते दुरुस्त करतो. ही थट्टा बंगाली रहस्यकथेचीच आहे. बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही.

खूण शोधायचीच तर मी याहून मोहक देतो. वेरूळच्या कैलास लेण्यात रावणाशी झुंजणाऱ्या जटायूचे शिल्प आहे आणि फेलूदाच्या 'कैलासे केलेंकारी' या कथेचा तपास त्याच लेण्यांत चालतो. म्हणजे नाव तिथूनच आले? मुळीच नाही. जटायू जिच्यात पहिल्यांदा येतो ती 'सोनार केल्ला' ही कादंबरी 1971 ची, वेरूळची कथा 1973 ची. जटायू आधी जन्मला, वेरूळला नंतर आला. एका तारखेपुढे असा सुंदर तर्क कोसळतो. मग ज्यांना तारखेचाही आधार नाही त्यांचे काय?

वेरूळच्या याच कथेवर संदीप राय यांनी 2007 मध्ये चित्रपट केला. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातून यक्षीचे मस्तक चोरीला जाते आणि माग वेरूळपर्यंत येतो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम 1972 चा. कथा त्याच्या पुढच्या वर्षीची. देशातल्या मूर्ती परदेशी विकल्या जात होत्या आणि राय यांनी ती चोरी मुलांच्या वाचनात आणली. हा संदर्भ लपलेला नाही, कथेच्या मध्यभागी उभा आहे. तरीही लंडनच्या गल्ल्या धुंडाळणाऱ्यांना तो दिसत नाही! माजलगावातून सहलीच्या एसटीने वेरूळला जाऊन आलेल्या पोराला, तिथली भग्न मस्तके पाहिल्यावर, तो लगेच दिसेल.

वाचकहो, निवाडा तुमचा. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे फेलूदा मराठीतही आहे. मूळ वाचा आणि ठरवा. ज्यांना या कथेत बेकर स्ट्रीटच दाखवायची आहे, त्यांनी आधी त्या यक्षीच्या मस्तकाचे उत्तर द्यावे.